गावाचा उतारा सांगताना सरासरी की मध्यक?

प्रश्न : सर, आमच्या गावातल्या (ता. दारव्हा) 24 शेतकऱ्यांना विचारून पऱ्हाटीचा (कपाशीचा) एकरी उतारा लिहून घेतला. सरासरी 6.6 क्विंटल, मध्यक (चढत्या क्रमात मांडल्यावरचा मधला आकडा) 5.8, प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) 4. एक्सेलने विषमता (आकडे एका बाजूला किती झुकले, याचं माप) 1.3 दाखवली. हे खरं समजायचं की योगायोग?
— कृषी पदवीची विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, घरोघरी जाऊन आकडे आणलेस, याचं फार कौतुक वाटलं. आधी कार्ल पिअर्सनची सोपी रीत पाहा : सरासरीतून मध्यक वजा कर, तिप्पट कर, प्रमाण विचलनाने भाग. 0.6 येतं. धन चिन्ह, म्हणजे शेपटी उजवीकडे, मोठ्या उताऱ्यांच्या बाजूला.

एक्सेलचा 1.3 वेगळ्या रीतीचा आहे. त्यात सरासरीपासूनच्या अंतरांचे घन घेतात, म्हणून लांबचा एकच शेतकरीही आकडा ओढून नेतो. चाचणी याच आकड्याची कर. वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचं, दोन्ही बाजूंना सारखं) असतं, तर 24 नोंदींसाठी विषमतेची प्रमाण त्रुटी (नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार) सुमारे 0.47 असते. 1.3 भागिले 0.47 म्हणजे जवळपास 2.8. हे 1.96 या चाचणीच्या नेहमीच्या (5 टक्के पातळीच्या) मर्यादेच्या बरंच वर आहे, तेव्हा नुसता योगायोग म्हणता येत नाही. मात्र नोंदी थोड्या असल्या की खरी विषमताही चाचणीतून निसटते, हे पुढच्या गावी ध्यानात ठेव.

आता वही उघड. वरचे उतारे कोणाचे? विहिरीवर ओलीत करणाऱ्यांचे असतील, तर तू कोरडवाहू आणि ओलीत एकाच रकान्यात घातलंस. दोन्ही वेगळे मांडून विषमता पुन्हा काढ. ग्रामसभेत मात्र मध्यकच सांग. निम्म्या घरांचा उतारा 5.8 च्या वर नाही, हे सरासरी लपवते.