आजीच्या पेटीतले चार रुपये

प्रश्न : आजीच्या लोखंडी पेटीत चार रुपये निघाले. एक १८६२ चा राणीचा, एक १९१८ चा राजाचा, एक १९४४ चा आणि एक १९४७ चा, वाघाचा. एका सराफी दुकानात घेऊन गेले, तर चारही एकाच तागडीत टाकून मोडीचा एकच भाव सांगितला. हे सगळे चांदीचे आहेत का? कुठल्या टांकसाळीत पाडले ते कसं ओळखायचं?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, चारही एका तागडीत टाकले, चूक तिथेच झाली. परत आणलेत ते फार बरं केलंत.

आधी वाघाला बाजूला काढा. फ्रिजवर लावतो तो चुंबक त्याच्याजवळ न्या, टपकन चिकटेल. १९४७ चा रुपया निखळ निकेलचा आहे. १९५० चा सिंहाचा आणि १९६४ चा नेहरूंचा रुपयाही निकेलचाच. कित्येक घरी तो लक्ष्मीपूजनाला चांदीचा म्हणून ताटात ठेवतात. पूजेला खुशाल ठेवा, पण चांदीच्या भावाने विकत घेऊ नका. मात्र चुंबक चिकटला नाही म्हणजे चांदीच, असंही नाही. १९७५ नंतरचे तांबे-निकेलचे रुपयेही चिकटत नाहीत.

१८६२ आणि १९१८ हे खरे बंदे रुपये. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. आजी 'रुपयाभार' म्हणत असेल ना, तो हाच भार. १९४४ चा रुपया वजनाला तेवढाच, पण चांदी निम्मी. महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि १९४० पासून ५० टक्के चांदीत तांबं, निकेल, जस्त मिसळू लागले. त्याची कड उन्हात धरून बघा : दातऱ्यांच्या मधोमध एक खाच गोल फिरलेली दिसेल. जुन्या रुपयांच्या कडेला ती नाही.

खात्री करायची तर दागिने तोलायचा छोटा काटा घ्या. रुपया तोला. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका. माझ्याकडचा १९०४ चा एडवर्डचा रुपया झिजून ११.५४ भरतो, पाण्यात काटा १.१२ दाखवतो. भागाकार १०.३. जुन्या चांदीच्या रुपयाचा आकडा असाच येतो. १९४४ चा साडेनऊच्या आसपास येईल आणि नऊच्या खाली गेला तर नाणं बनावट समजा. कानस लावायची, ॲसिड टाकायची काही गरज नाही. दुकानात कुणी कानस उचललीच तर हात धरा.

आता टांकसाळ. १९१८ च्या रुपयाची 'वन रुपी' लिहिलेली बाजू वर करा. तळाला कमळ आहे, त्याच्या खाली भिंगाने बघा. मोहरीहून बारीक उठावाचा ठिपका असेल तर मुंबई, कोरं असेल तर कलकत्ता. १९४३ ते १९४५ च्या काही नाण्यांवर बारीक 'एल' सापडतो, तो लाहोरचा. स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांवर सालाखाली बघायचं : पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा आणि खूण नसली तर कलकत्ता.

राणीचा रुपया मुद्दाम शेवटी ठेवला, कारण माझा जीव त्यात अडकलाय. त्यावर १८६२ लिहिलंय, पण तो १८६२ चाच असेल असं नाही. १८७४ पर्यंत तेच साल घालून रुपये पाडत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने साल तसंच ठेवून बारीक ठिपके वाढवले, तारखेखाली आणि काहींवर वरच्या बाजूलाही. त्या ठिपक्यांवरून कुठल्या वर्षी पाडला ते कळतं आणि काही ठिपक्यांचे रुपये दुर्मीळ आहेत. म्हणून सांगतो, चिंच, पितांबरी, राख, काही लावू नका. मी विशीत असताना आईचा असाच एक रुपया चिंचेने घासून लख्ख केला. चकाकी आली आणि आधीच झिजलेले ठिपके गेले. तो कुठल्या वर्षीचा होता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या राणीच्या रुपयावर काळपट थर असेल तो राहू द्या. साध्या पाण्यातून काढा, मऊ फडक्याने टिपा, उजेडाला तिरका धरून खालचे-वरचे ठिपके मोजा आणि मला कळवा.