खुर्चीच्या आधी किल्ल्या

प्रिय,

तुमच्या डिजिटल हक्क संस्थेच्या संचालक मंडळाने तुला अध्यक्ष निवडलं हे तू एका ओळीत कळवलंस आणि उरलेली तीन पानं पहिल्या भाषणाच्या मसुद्याला दिलीस. मसुदा वाचला, आवडलाही. तरी तो आठवडाभर बाजूला ठेव. आधी किल्ल्यांचं बघ, म्हणजे संस्थेची खाती, पासवर्ड आणि माहिती कुणाच्या हातात आहे ते.

खूप वर्षांपूर्वी मी डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या मंडळावर होते. तिथे अध्यक्ष बदलल्या. निरोपाची भाषणं झाली, सगळ्यांचे डोळे पाणावले, नवीन नाव पत्रकावर छापून आलं. चार महिन्यांनी एका सकाळी आमचं संकेतस्थळ उघडेना. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, जुन्या अध्यक्षांच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना तिकडेच जात होत्या आणि तो ईमेल त्यांनी केव्हाच वापरणं सोडलं होतं. संकेतस्थळ दोन दिवसांत परत सुरू झालं. पण आणखी काय काय असंच राहून गेलंय, याची यादी करायला बसलो, तेव्हा एक ग्रुप सापडला. त्यात एका खात्यातला गैरकारभार उघड करू पाहणारा कर्मचारी आमच्या वकिलांशी बोलत असे. जुन्या अध्यक्ष अजून त्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांच्या सचोटीबद्दल कुणालाच शंका नव्हती, मलाही नाही. पण ज्याने नोकरी पणाला लावून आमच्यावर भरवसा ठेवला, त्याचे निरोप आता कोण वाचतंय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे मला आजही बोचतं.

कंपन्यांना आणि सरकारांना आपण काय विचारतो? आमची कुठली माहिती तुमच्याकडे आहे, ती कोण पाहू शकतं, आणि काम संपल्यावर ती पुसता का? तेच प्रश्न आता स्वतःच्या संस्थेला विचार. डोमेन कुणाच्या नावावर आहे, बँकेत सह्या कुणाच्या चालतात, देणगीदारांची यादी कुणाच्या लॅपटॉपवर उतरवलेली आहे, लॉगिनचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो. संस्थेच्या ईमेलची एन्क्रिप्शन की, म्हणजे गुप्त निरोप उघडणारी डिजिटल किल्ली, जुन्या अध्यक्षांकडे असेल तर नवी की तयार करून घे आणि जुनी रद्द झाल्याचं सगळ्यांना दिसेल असं जाहीर कर. हे काम तंत्रज्ञांवर सोपवून मोकळी होऊ नकोस. यादी घेऊन त्यांच्या शेजारी बस.

आता माणसांकडे येते, कारण तुझ्या पत्रातली खरी काळजी तीच दिसते. तुमच्या संस्थापकांपैकी एकांना मंडळातून दूर व्हावं लागलं आणि त्याबद्दलच्या निवेदनात ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढंच छापावं असं काहींचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही.

डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं उदाहरण घे. जॉन गिलमोर हे १९९० साली ती संस्था उभी करणाऱ्या तिघांपैकी एक. १९९८ मध्ये या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र बांधलं आणि अमेरिकी सरकारमान्य डीईएस हे कूटलेखन, म्हणजे माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत, ५६ तासांत फोडून दाखवलं. त्या कामामागे गिलमोर होते. एवढा मोठा माणूस, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये संस्थेने त्यांना मंडळावरून दूर केलं. तेव्हा संस्थेने त्यांचं ऋण मान्य केलं, मानद सदस्य हे स्थान दिलं आणि एकत्र काम करण्याच्या पद्धतीवर आपलं जमत नव्हतं हेही उघड सांगितलं. सगळा तपशील दिला नाही, तो द्यायलाच हवा असंही नाही. पण खोटं कारण पुढे केलं नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येईल अशा सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या संस्थेत, वेगळंच घडलं. २०१९ मध्ये राजीनामा दिलेले संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी आपण मंडळावर परतल्याचं संस्थेच्या वार्षिक परिषदेत स्वतःच सांगून टाकलं. परिषद भरवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्याची आधी कल्पना नव्हती. परतणं योग्य की अयोग्य यावर कडाक्याचं भांडण झालं आणि ते भांडण कुठल्याही परिस्थितीत झालंच असतं. पण आपल्याच माणसांना अंधारात ठेवल्याची जखम मंडळाला टाळता आली असती. पुढे काही दिवसांतच कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीसाठी मंडळावर एक जागा करण्यात आली. ती आधीच असती तर, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून बातमी सांगण्याचा क्रम असा ठेव: आधी कर्मचारी, मग सभासद आणि देणगीदार, शेवटी बाहेरचं जग. तिन्ही एकाच दिवशी झालं तरी चालेल, पण क्रम उलटा होऊ देऊ नकोस.

आणखी एक, थोडक्यात. कार्यकारी संचालक रोजचा कारभार पाहतात, तू पाहायचा नाहीस. त्यांची नेमणूक, अंदाजपत्रक आणि हितसंबंधांची नोंद, एवढं मंडळाचं. ज्या कंपन्यांवर आपण टीका करतो त्यांच्यात कुणा संचालकाची नोकरी किंवा शेअर्स असतील, तर ते पहिल्याच बैठकीच्या इतिवृत्तात यायला हवं. तुझे असतील तर तुझेही.

निवेदनाचा मसुदा मला पाठवायच्या आधी त्या संस्थापकांना फोन कर. ईमेल नको. त्यांच्याबद्दलचा परिच्छेद त्यांना वाचून दाखव, एखादा शब्द त्यांना खटकला तर ऐकून घे. बदलायचा की नाही ते तू ठरव. आणि त्यांच्याकडच्या किल्ल्या परत मागायचं कामही त्याच फोनवर, तूच कर. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकू नये.

तुझी,
मावशी