कोहेसिनवर काम सुरू करताना

कर्करोगावर औषध शोधताना कोहेसिनच्या, म्हणजे गुणसूत्राच्या जुळ्या प्रती एकत्र बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या, कड्यालाच हात घालू नकोस. एसएमसी३ किंवा आरएडी२१ हा कड्याचा भाग काढलास की निरोगी पेशीही मरतात. त्यातून औषध कसलं निघणार? खरी गंमत स्टॅग२ मध्ये आहे, म्हणजे कड्याला जोडलेल्या एका प्रथिनाच्या जनुकात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पेशीत त्याची एकच प्रत चालू असते, म्हणून ते एकाच घावात (उत्परिवर्तनात) निकामी होऊ शकतं. मूत्राशयाच्या कर्करोगात आणि युइंग सार्कोमा या हाडांच्या कर्करोगात ते बरेचदा गेलेलं असतं. मग पेशीची सगळी भिस्त जुळ्या स्टॅग१ वर. ते बंद केलं की कर्कपेशी मरते, निरोगी पेशी तगते. हे २०१७ मध्येच दिसलं होतं.

पेशी मेल्या म्हणून लगेच नाचू नकोस. त्याच पेशींत स्टॅग२ परत घालून मग स्टॅग१ बंद करून बघ, जगल्या तरच खरं. आणि हो, दोन्ही प्रथिनं दिसायला सारखी. प्रथिन ओळखायला वापरलेली अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत नाही ना, हे आधी वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून ओळखायच्या चाचणीत) तपास.