स्पेसर, बुश, सायलेन्सर: करून घेतलेल्या पार्टबद्दल वाचकांचे प्रश्न

सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत करून मिळत नाही असा धातूचा तुकडा शोधावाच लागेल. त्यामुळे नाशिकच्या हौशी गाडीवाल्यांचा ओढा पार्ट मागवण्यापेक्षा करून घेण्याकडे असतो, आणि तो योग्यच आहे. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत मात्र गडबड मशीनवर झालेली नसून मशीनवाल्याला काय सांगितलं, तिथे झालेली दिसते.

प्रश्न: माझ्याकडे जुनी पोर्श बॉक्स्टर आहे. मागच्या चाकांसाठी १५ मिमीचे ॲल्युमिनियमचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणाऱ्या चकत्या) अंबडमधल्या एका वर्कशॉपमधून करून घेतले. तेव्हापासून मुंबई-आग्रा हायवेवर ९०च्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. बॅलन्सिंग दोनदा केलं, चाकं शून्यावर येतात, थरथर तशीच. स्पेसरचा बोअर (मधलं भोक) ७४ मिमी आहे. “थोडा मोकळा ठेवलाय, काढा-घालायला सोपं” असं वर्कशॉपवाल्याने सांगितलं होतं. (गंगापूर रोड)

उत्तर: तो “थोडा मोकळा” बोअरच तुमचा आजार आहे. पोर्शच्या चाकाचं मधलं भोक ७१.६ मिमीचं असतं आणि हबचं नाक, म्हणजे हबच्या मध्यावरचा गोल उंचवटा, त्यात नेमकं बसतं. चाक मध्यावर धरण्याचं काम ते नाक करतं. बोल्टचं काम दाबून धरण्याचं. तुमच्या स्पेसरने हे नाक झाकून टाकलं आणि चाकाला टेकायला दुसरं नाक दिलंच नाही. आता चाक बोल्टच्या भरवशावर आहे. गाडीचं वजन चाकावर असताना बोल्ट आवळले, तर चाक जिथे असेल तिथेच पकडलं जातं.

याचा हिशोब करून पाहा. टायरसकट चाक २० किलोचं धरलं आणि ते मध्यापासून फक्त अर्धा मिमी सरकलं, तर रिमच्या कडेला साधारण ४० ग्रॅम वजन चिकटवल्याइतका असमतोल होतो. बॅलन्सिंगच्या मशीनवर तो दिसत नाही, कारण तिथे चाक मशीनच्या स्वतःच्या कोनवर मध्यात धरलेलं असतं. तुमच्या बॅलन्सिंगवाल्याची चूक नाही.

हे स्पेसर दुरुस्त होणार नाहीत, नवे करा. ते करताना पुढच्या गोष्टी कागदावर लिहून द्या.

हबचं नाक मायक्रोमीटरने मोजा. त्याआधी वायर ब्रशने गंज पूर्ण काढा, नाहीतर गंजच मोजला जाईल. बोअर त्या मापापेक्षा ०.०३ ते ०.०८ मिमी मोठा हवा. चाकाच्या बाजूला स्पेसरला स्वतःचं नाक हवं, चाकाच्या भोकापेक्षा ०.०५ ते ०.१ मिमी लहान, आणि टोकाला चाम्फर (तिरकी कापलेली कड). हबच्या नाकाची उंचीही मोजा. ते १० मिमी असेल तर १५च्या स्पेसरमध्ये नवं नाक उभं राहायला ५ मिमी जाडी उरते. स्पेसर ७ मिमीचाच असता तर हबचं नाक ३ मिमी बाहेर आलं असतं आणि चाकाला तेच टेकलं असतं. तिथे वेगळं नाक काढायचा प्रश्नच येत नाही.

बोअर आणि बाहेरचं नाक एका मध्यावर असणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिली बाजू उरकून जॉब उलटा केला की साध्या चकात तो मध्यावरून हमखास हलतो. टर्नरला सांगा, सॉफ्ट जॉ (चकाचे कातता येणारे मऊ जबडे) त्याच मापाला बोअर करून त्यात जॉब धरा आणि डायल लावून ०.०२ मिमीच्या आत आणा. दोन्ही फेस समांतर हवेत. हबचा फेस साधारण १५० मिमीचा आणि रिम १९ इंची, म्हणजे स्पेसरच्या जाडीतला ०.२ मिमीचा फरक रिमच्या कडेला तिपटीहून जास्त होऊन ०.६५ मिमीच्या आसपास डोलतो.

धातू म्हणून नुसतं “ॲल्युमिनियम” सांगू नका. एचई-३० म्हणजे ६०८२, टी-६ टेंपरमध्ये (उष्णता देऊन कडक केलेलं), टेस्ट सर्टिफिकेटसह. ॲनोडायझिंग करणार असाल तर तेही मापात धरा. २० मायक्रॉनच्या थरातला साधारण निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे बोअरचा व्यास २० मायक्रॉनने कमी होतो. आधीच घट्ट ठेवलेला बोअर त्यामुळे हबवर अडकतो आणि मग हातोडीशिवाय निघत नाही.

बोल्ट मात्र टर्नरकडून करून घेऊ नका. चाकाचा बोल्ट फोर्ज केलेला आणि आटे रोल केलेले असतात. लेथवर कापलेल्या आट्याच्या बुडाशी तडा सुरू होतो. एम १४ बाय १.५चे, १०.९ ग्रेडचे, मूळ बोल्टपेक्षा १५ मिमी जास्त लांब, तयारच विकत घ्या. बसायची जागा गोल हवी, कारण पोर्शच्या चाकात बोल्टची बैठक गोल असते. उतरत्या शंकूचा बोल्ट तिथे फक्त एका रेषेवर टेकतो, आवळताना घट्ट वाटतो आणि चालता-चालता सैल होतो. आटे हबमध्ये किमान १४ मिमी, म्हणजे ९ पूर्ण फेरे गेले पाहिजेत. टॉर्क गाडीच्या पुस्तकातला, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा टॉर्क पाना लावायचा.

दुसऱ्या गाडीसाठी करणाऱ्यांना एक सूचना. पाच बोल्टचा पीसीडी (बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि १.७०१ने गुणा. १३०च्या पीसीडीला हे अंतर ७६.४ मिमी येतं. ११२ला ६५.८ आणि ११४.३ला ६७.२. शेवटच्या दोघांत जेमतेम १.४ मिमीचा फरक आहे, स्टीलच्या पट्टीने तो सुटतो. व्हर्निअरच वापरा.

प्रश्न: सॅन स्टॉर्म सांभाळून ठेवली आहे. सस्पेंशनच्या खालच्या आर्मचे बुश (सांध्यात बसणारी रबरी नळकांडी) आणि इंजिन माउंट मिळत नाहीत. जुने बुश नमुना म्हणून देऊन रबरचे नवे करून घेतले, पण सहा महिन्यांत आवाज सुरू. आता पॉलियुरेथेनचे करावेत का? (देवळाली कॅम्प)

उत्तर: गोव्यात बनलेली, फायबरग्लास बॉडीची आणि रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनची ही दोन आसनी गाडी जपताय, याचा फार आनंद झाला. अशा गाडीला करून घेतलेल्या पार्टशिवाय गत्यंतर नाही, म्हणूनच ते नीट व्हायला हवेत.

नमुन्यावरून काम का फसलं ते आधी पाहू. जुना बुश दबलेला, एका बाजूने झिजलेला असतो. तो नमुना म्हणून दिला की कारागीर झीजसुद्धा इमानाने उतरवतो. कडकपणाचंही तेच: वर्षानुवर्षं उष्णता खाल्लेलं रबर कडक होतं, त्यामुळे जुन्या तुकड्यावर ड्युरोमीटर (कडकपणा मोजायचं साधन) लावून आलेला आकडा मूळचा नसतो. माप रबराचं घेऊच नका, लोखंडाचं घ्या. आर्मच्या डोळ्याचा आतला व्यास तीन ठिकाणी, बोल्टचा व्यास, आणि ब्रॅकेटच्या दोन कानांमधलं अंतर. या तीन मापांवरून बुशचं ड्रॉइंग आपोआप तयार होतं.

आर्मसाठी पॉलियुरेथेन चालेल, रोजच्या रस्त्याला कडकपणा शोअर ए ८०च्या आसपास. ९५चा घेतला तर त्र्यंबक रोडवरचा प्रत्येक खड्डा फायबरच्या बॉडीला कळेल आणि तिच्या माउंटिंगपाशी चिरा पडतील. चार-सहा नगांसाठी मोल्ड करणं परवडत नाही. पॉलियुरेथेनचा रॉड आणून धारदार टूलने लेथवर कातून घ्या.

आतली स्टीलची स्लीव्ह बुशपेक्षा किंचित लांब हवी. बुश ६० मिमीचा तर स्लीव्ह ६०.३. ब्रॅकेटचे कान स्लीव्हवर आवळले गेले पाहिजेत आणि पॉलियुरेथेन तिच्याभोवती मोकळं फिरलं पाहिजे. स्लीव्ह आखूड पडली की कान थेट पॉलियुरेथेन दाबतात, आर्म अडखळतो आणि किरकिर सुरू होते. बसवताना स्लीव्हला सिलिकॉन ग्रीस भरपूर लावा. साधं चॅसिस ग्रीस आपल्याकडच्या एका पावसाळ्यात धुऊन जातं.

रबरचेच पुन्हा करणार असाल तर बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळू नका. चिकटवलेलं रबर फिरत नाही, पिळतं. आर्म खाली लोंबत असताना आवळलं, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि फाटतं. आधी चाकांवर उभी करा, मग शेवटचा टॉर्क द्या. सहा महिन्यांत आवाज यायचं हेही कारण असू शकतं.

इंजिन माउंट मात्र रबरचंच ठेवा. एक्झॉस्टजवळच्या उष्णतेत साधं पॉलियुरेथेन मऊ पडतं आणि सगळं कंपन बॉडीत जातं.

प्रश्न: टर्बो पेट्रोल कूपेला कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा पूर्ण एक्झॉस्ट स्टेनलेस ३०४मध्ये करून घेतला, १.५ मिमी जाडीचा पाइप. दोनदा तडकला, दोन्ही वेळा वेल्डच्या अगदी शेजारी. वेल्ड बाहेरून सुंदर दिसतं. शिवाय आरटीओची अडचण येईल का? (इंदिरानगर)

उत्तर: बाहेरून सुंदर वेल्ड आतून कसं आहे ते पाहा. पाइप काढा आणि मोबाइलचा टॉर्च आत धरा. जोडाच्या आतल्या बाजूला जळालेल्या साखरेसारखे काळे खरखरीत दाणे दिसले, तर टिग वेल्डिंग करताना पाइपमध्ये आरगॉन सोडलेला नाही. तापलेल्या स्टेनलेसला आतून हवा लागते, क्रोमियम जळतं, आणि पूर्ण जाडीचं वाटणारं वेल्ड प्रत्यक्षात अर्ध्याच जाडीचं भरतं. तडा तिथूनच निघतो. दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करून, एका टोकातून आरगॉन आणि दुसऱ्या टोकाला लहान छिद्र, एवढीच ती व्यवस्था. गॅस जास्त लागतो म्हणून ती टाळली जाते. काम देतानाच “आतून पर्ज करून” असं सांगा आणि त्याचे पैसे द्या.

फिलर रॉड ३०४ला ३०८एल. फ्लँज साध्या लोखंडाची असेल तर तेवढ्या जोडाला ३०९एल.

दुसरं कारण लांबी. ३०४ स्टील तापल्यावर दर मीटरला, दर अंशाला साधारण १७ मायक्रॉन वाढतं. दीड मीटरचा पाइप ३५० अंशांनी तापला तर तो जवळजवळ ९ मिमी लांब होतो. या ९ मिमींना कुठेतरी जायला जागा हवी. पुढच्या भागात जाळीचा लवचिक बेलो आणि मागे सगळे हँगर रबरचे. एकही ब्रॅकेट बॉडीला घट्ट वेल्ड केला असेल, तर कसारा घाट चढून आल्यावर तापलेला पाइप तिथेच स्वतःला फाडतो. हँगर रबर थंड गाडीत थोडे पुढच्या बाजूला कललेले बसवा, गरम झाल्यावर सरळ होतील.

कॅटला आणि त्याच्या पुढे-मागे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरला हात लावू नका. सेन्सरच्या पुढे जोड थोडा जरी गळका असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओततं.

आरटीओबद्दल स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९०खाली पहिल्या वेळी १०,०००पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने लायसन्सही जातं. मूळ सायलेन्सर जपून ठेवा, नवा मूळच्या आवाजाच्या पातळीत ठेवा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी निघाला की वाद होतो, आणि तेव्हा वेळ गेलेली असते.

प्रश्न: एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतची नळी थ्रीडी प्रिंट केली तर चालेल का? घरी पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) आहे. (सिडको)

उत्तर: पीएलए नाही. ते ६० अंशांच्या आसपासच मऊ होतं आणि एप्रिलच्या दुपारी बंद बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं. पीएलएमध्ये प्रिंट करा ती फक्त माप बघायला: नळी बसते का, क्लॅम्पला पाना जातो का. हा उपयोग मात्र उत्तम, फुकट गेलेल्या धातूचे पैसे वाचतात. नंतर तोच आकार ॲल्युमिनियमच्या पाइपमध्ये करून घ्या. फिल्टरनंतरच्या नळीचा तुकडा तुटला तर तो सरळ टर्बोच्या पात्यांवर जातो, म्हणून तिथे घरचा प्रिंट नकोच.

प्रश्न: पुढे मोठे चार पिस्टनचे कॅलिपर बसवायचे आहेत. ब्रॅकेट १० मिमीच्या लोखंडी पट्टीतून कापून वेल्ड करून देतो असं एक जण म्हणतो. (नाशिक रोड)

उत्तर: नाही म्हणा. ब्रेकच्या ब्रॅकेटला वेल्ड नको. एकसंध तुकड्यातून व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) काढलेला, ईएन-२४ स्टीलचा हवा. तोही कॅलिपरची मध्यरेषा आणि डिस्कची मध्यरेषा जुळवून. त्याआधी हा हिशोब करा: नव्या कॅलिपरच्या पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ जुन्यापेक्षा २० टक्के जास्त असेल, तर तेवढंच दाबायला २० टक्के जास्त ब्रेक ऑइल लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला की पेडल खोल जातं आणि पुढचे ब्रेक मागच्यांपेक्षा जास्त जोर करतात, मग ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी घसरतात. तुमच्या मॉडेलसाठीच तयार केलेला किट मिळत असेल तर तो घ्या. मिळत नसेल तर मूळ कॅलिपर, चांगले पॅड, नवं डॉट-४ ऑइल आणि स्टीलच्या जाळीच्या होज एवढं करा. होजच्या बँजो बोल्टचे (मधून ऑइल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे टाका. जुना वॉशर पुन्हा आवळला तर पहिल्या दिवशी कोरडा दिसतो, आठवड्याने तिथे ओल येते.