चाकाच्या तारा आणि जावाची किक

प्रश्न : वडिलांच्या जावा २५० मोटरसायकलचं १:१२ प्रमाणातलं मॉडेल करतोय. टाकी लाकडात कोरून झाली, पण चाकांचे स्पोक काही केल्या जमत नाहीत. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टाकी आधी केलीत, फार छान. ही गाडी लांबून ओळखू येते ती टाकीवरूनच.

स्पोकसाठी विजेच्या लवचिक वायरमधली एकेक तांब्याची तार सोडवून घ्या आणि ताणून सरळ करा. मूळ १६ इंची रिम तुमच्या प्रमाणात साधारण ३४ मिलिमीटर भरते. फळीवर तेवढं वर्तुळ काढून ३६ खुणांवर टाचण्या ठोका, मधे हब, म्हणजे चाकाचा मधला गोल तुकडा, बसवा आणि तार ओवत जा. स्पोक हबमधून सरळ निघत नाहीत, तिरके जाऊन एकमेकांना छेदतात. घाई केलीत तर इथेच चाक फसतं. माझं पहिलं चाक मी तीनदा उसवलं होतं.

माझ्या काकांकडे म्हैसूरला बनलेली जावा होती, मरून रंगाची. सिलिंडर एकच, सायलेन्सर मात्र दोन. मला लहानपणी सगळ्यात नवल वाटायचं ते डावीकडच्या गिअरच्या दांड्याचं. काका तो पायाने आत दाबून वर फिरवायचे, की त्याचीच किक व्हायची! मग टू-स्ट्रोक इंजिनाचा निळसर धूर आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास अंगणभर. तो वास अजून नाकात आहे.

तुमच्या मॉडेलमध्ये तो दांडा चिकटवून टाकू नका. बारीक टाचणीवर फिरता ठेवा. वडिलांचा हात आधी तिथेच जाईल.