प्रवासासाठी दोन मुलांची बाबागाडी निवडताना
धाकटे बाळ सहा महिन्यांहून लहान असेल, तर निदान एक बैठक पूर्ण आडवी होते का, हे सर्वांत आधी पाहावे. शेजारी-शेजारी बैठकांची गाडी वळवायला सोपी असते, परंतु तिची रुंदी बहुधा 75 सेंटीमीटरच्या आसपास असल्याने घराचे आणि लिफ्टचे दार मोजल्याशिवाय ती घेऊ नये. पुढे-मागे बैठकांची गाडी अरुंद दारातून सहज जाते, मात्र पायरीवर चढवताना पुढची चाके उचलायला बराच जोर लागतो. प्रवासात खरी कसोटी घडीची असते, म्हणून एक मूल कडेवर घेऊन दुसऱ्या हाताने ती घालता येते का, हे दुकानातच करून पाहावे (विक्रेत्याने करून दाखवलेले धरू नये). थोरले मूल बऱ्यापैकी चालत असेल, तर एकेरी गाडीला मागे उभे राहण्याची फळी जोडणे मला अधिक सोयीचे वाटते.