एका वाक्यावर चार हात

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

ऐरोलीहून आलेले तुझे लांबलचक पत्र वाचले आणि सोबत पाठवलेली पॅडलेटची भिंतही, म्हणजे मुलांनी चौकटी चिकटवलेला तो इंटरनेटवरचा फलकही, पाहिली. तुझ्या आठवीच्या वर्गातील मुलांनी घणसोली गावठाणावर केलेला प्रकल्प देखणा झाला आहे. छायाचित्रे आहेत, आजीआजोबांच्या ध्वनिफिती आहेत, रंगीत चौकटी आहेत, आणि मुख्याध्यापकांनी तो पालकसभेत कौतुकाने दाखवला हेही कळले. तरीही तुला चैन नाही, कारण शेजारच्या चौकटीत काय लिहिले आहे असे एका मुलीला विचारल्यावर तिला ते सांगता आले नाही. आता पॅडलेटऐवजी दुसरे कोणते साधन घ्यावे, असे तू मला विचारतोस. इतक्या प्रामाणिक अस्वस्थतेतून इतका उथळ प्रश्न निघावा, याचे मला आश्चर्य वाटले.

वाटून घेतलेले काम हे एकत्र केलेले काम नव्हे. तू एकीला गावठाणाचा इतिहास दिलास, एकाला १९७० साली नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना झाली तिथपासूनची हकीकत दिलीस, तिसऱ्याला मुलाखती आणि चौथीला चित्रे दिलीस. चौघांनी आपापले डबे आणले, शेजारी बसून खाल्ले आणि तू त्याला एकत्र स्वयंपाक म्हटलेस. यात पॅडलेटचा दोष नाही. ती सूचनाफलकाच्या धर्तीवरची भिंत आहे. जो तो आपली चिठ्ठी चिकटवतो, फार तर दुसऱ्याच्या चिठ्ठीखाली ‘छान’ असे लिहितो. साहित्य गोळा करायला ती उत्तम आहे, म्हणून ती ठेव. पण भाषेच्या तासाला सहकार्य घडते ते दोन मुले एकाच वाक्यावर अडून बसतात तेव्हा, आणि ते वाक्य दोघांच्याही हाताखाली येईल अशी सोय तुझ्या प्रकल्पात कुठेच नव्हती.

नव्हती असे म्हणताना मला जरा थांबावे लागते, कारण तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिल्यासारखी, एक ओळ आहे. एका मुलाने मुलाखतीतील आजींचे आगरी बोलणे ‘शुद्ध’ करून पुस्तकी मराठीत लिहिले, दुसऱ्याने ते पुन्हा जसेच्या तसे केले, पहिल्याने परत बदलले, आणि भांडण वाढू नये म्हणून तू तो दस्तऐवज सर्वांसाठी बंद केलास. अरे, साऱ्या प्रकल्पात सहकार्य सुरू झाले होते ते तेवढ्या एका जागी, आणि नेमके तिथेच तू दार लावून घेतलेस. आजींचे बोलणे अवतरणात तसेच ठेवून निवेदन प्रमाण मराठीत लिहावे का, अनोळखी शब्दांचा अर्थ तळटीपेत द्यावा की वाक्यातच उलगडावा, आपले बोलणे छापून आलेले पाहताना आजींना काय वाटेल आणि ते त्यांनाच जाऊन का विचारू नये, हे सगळे प्रश्न त्या दोन मुलांनी स्वतःहून तुझ्या टेबलावर आणून ठेवले होते. तुझी शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. मराठीसाठी ‘सुलभभारती’चे पुस्तक हाती घेणाऱ्या तुझ्या वर्गात आगरी बोलणारे मूल आहे, मल्याळी आणि गुजराती घरांतली मुले आहेत. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली. पण कायद्याने मुले वर्गात येऊन बसतात, वाक्यासाठी हट्ट धरायला त्यांना दुसरे मूलच समोर लागते.

तू जिगसॉ पद्धतीचा दाखला देशील, हे मला दिसते आहे. इलियट अरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत ती सुरू केली, आणि तिथेही पाठाचे तुकडे करून मुलांना वाटलेच होते. पण तिथे प्रत्येक तुकडा गटातील इतरांना शिकवावा लागतो आणि त्याशिवाय कोणाचेही पुढे जमत नाही. तू तुकडे वाटलेस आणि शिकवण्याची गरज काढून टाकलीस. ती वाटणीच झाली.

आता साधनाविषयी, कारण ते न सांगितल्यास तू पुन्हा विचारशील. एकच गूगल डॉक घे. मुलांना शाळेने दिलेल्या खात्यांतूनच आत येऊ दे. दुवा सर्वांसाठी खुला ठेवलास आणि मुले खात्याशिवाय शिरली, तर पडद्यावर मुलांच्या नावांऐवजी निनावी प्राण्यांची नावे फिरताना दिसतील आणि कोणते वाक्य कोणाचे हे बदलांच्या इतिहासातही सापडणार नाही. पहिला मसुदा झाला की सर्वांनी थेट संपादनाऐवजी सूचना देण्याच्या मोडमध्येच लिहायचे असा नियम घाल, म्हणजे दुसऱ्याचे वाक्य परस्पर पुसले जाणार नाही. बदल रंगीत अक्षरांत दिसेल आणि तो मूळ लिहिणाऱ्यानेच स्वीकारायचा किंवा नाकारायचा. मात्र प्रत्येक सूचनेला समासात कारण जोडलेच पाहिजे, आणि ‘असे बरे वाटते’ हे कारण धरायचे नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. त्यातील एखाद्या लेखाचा ‘इतिहास’ आणि त्याचे ‘चर्चा पान’ मुलांना उघडून दाखव, म्हणजे मोठी माणसेही एका ओळीवरून किती वाद घालतात आणि त्याची नोंद कशी राहते हे त्यांना कळेल.

टंकलेखनाची कुरकुर लवकर मिटव. मोबाइलवर गूगलच्या जीबोर्ड कळफलकाने रोमन अक्षरांतून देवनागरी उमटते. बोलून लिहिण्याची सोयही आहे, पण तिच्यात विरामचिन्हे बहुधा हाताने भरावी लागतात, आणि दोघांनी मिळून करण्याजोगे ते चांगले काम आहे. संगणक कक्षातील जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये लिहिलेला मजकूर मात्र डॉकमध्ये चिकटवू देऊ नकोस, त्याची चिन्हांची खिचडी होते. कोणत्याही एका साधनावर जीवही लावू नकोस. किती शिक्षकांनी गूगलच्या जॅमबोर्ड या डिजिटल फळ्यावर सारे पाठ बसवले होते, आणि २०२४ अखेर गूगलने तो फळाच बंद केला. मुलांची नावे आणि चेहरे असलेली तुझी ती भिंत आजच खासगी कर. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. ज्या आजींचा आवाज लावला आहेस, त्यांनाही विचार.

गुणांचे काय, असे मुख्याध्यापक विचारतील. साऱ्या गटाला एकच श्रेणी देऊन मोकळा होऊ नकोस आणि कोणी किती बदल केले हे मोजूही नकोस, नाहीतर मुले स्वल्पविराम घालत आणि काढत बसतील. आवृत्ती-इतिहास आणि समासातील जुन्या टिप्पण्या उघड आणि प्रत्येक मुलाच्या दोनच जागा पाहा: दुसऱ्याची सूचना त्याने कुठे मान्य केली, आणि कुठे कारण देऊन नाकारली. नकार मला अधिक मोलाचा वाटतो, हे माझे मत तुझ्यावर लादायलाही माझी हरकत नाही.

मी हे संगणक येण्याआधीपासून बोलते आहे, म्हणून मला हट्टी म्हणत. ठाण्यातील आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघे. कोणी निबंध द्यायचा, कोणी चित्र काढायचे, वळणदार अक्षराच्या मुलीने सगळे उतरवायचे आणि चुका बाईंनी लाल शाईने काढायच्या, अशी वाटणी परंपरेने चालत आलेली होती. माझ्याकडे ते काम आले तेव्हा मी लाल शाई बंद केली. लेख मंडळासमोर मोठ्याने वाचायचा आणि लेखक शेजारी बसलेला असतानाच त्यात बदल करायचा, असा नियम घातला. पाने निम्मी झाली, अंक उशिरा निघू लागला, आणि ‘पोर्शन राहतो आणि बाई एका परिच्छेदावर तास घालवतात’ हे शिक्षककक्षात माझ्या समोरच बोलले जाई. आंतरशालेय प्रदर्शनाला अंक वेळेत तयार झाला नाही, तेव्हाही मी तो घाईने पुरा करू दिला नाही. आजही देणार नाही. रुखरुख आहे ती वेगळीच आहे. ते सगळे वाद हवेत विरले. कपाटात राहिल्या त्या सुवाच्य, खाडाखोड नसलेल्या प्रती, ज्या पाहून कोणालाही वाटावे की मुलांनी पहिल्याच फटक्यात असे लिहिले. तुझ्या हातात ती खाडाखोड तारीखवार जपून ठेवणारे साधन आहे, आणि तू त्यातील एकमेव खाडाखोड कुलूपबंद करून ठेवलीस!

म्हणून सोमवारी नवा प्रकल्प काढू नकोस. तोच दस्तऐवज उघड, त्या दोन मुलांसोबत आणखी दोन मुले बसव, आजींच्या मुलाखतीचा एकच परिच्छेद त्यांच्यापुढे ठेव आणि तास संपेपर्यंत तू स्वतः त्यात एक अक्षरही लिहू नकोस. परिच्छेद अपुरा राहिला तर अपुरा राहू दे. मग दुवा मला पाठव, पण तो टिप्पणी करण्याच्या परवानगीसह पाठव. केवळ पाहण्याची परवानगी दिलीस तर मी तो उघडणार नाही.

तुझी,
बाई